पडदेबाईंच्या गाडीचं उजवं टायर

माणूस डॉक्टरशी खोटं बोलतो, वकिलाशी बोलतो, बायकोशी तर बोलतोच. पण गाडीच्या मिस्त्रीशी जितकं मनापासून खोटं बोलतो ना, तितकं कुणाशीच बोलत नाही. "काही नाही हो मिस्त्री, गाडी उभी होती, आपोआप घासली." आणि ओरखडा दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. "ऑइल? आत्ताच तर बदललं." आत्ताच म्हणजे यांचा धाकटा बोलायला लागला तेव्हा. एकतीस वर्षं मी हे ऐकतोय आणि मान डोलावतोय. गिऱ्हाइकाचं सगळं ऐकून घ्यायचं आणि विश्वास गाडीवर ठेवायचा, एवढं मी या धंद्यात शिकलो.

पडदेबाईंच्या बाबतीत मात्र माझं शहाणपण संपलं. बाई माझ्याशी कधी खोटं बोलल्या नाहीत, आणि त्यांची गाडी जे सांगत होती ते मला कळत नव्हतं.

बाई पडदे शिवतात, सोफ्याची कव्हरं शिवतात. वही-पेनांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांचं घर आणि कारखाना, दोन्ही. उंच, ताठ, गळ्यात कायम मापाची टेप. गाडी चालवतानासुद्धा ती काढत नाहीत. ओठांत टाचण्या धरून बोलायची इतकी सवय की टाचण्या नसल्या तरी ओठ तसेच मिटून बोलतात, त्यामुळे साधं "काय मिस्त्री, कसं काय" म्हणाल्या तरी दम दिल्यासारखं वाटतं. वय सत्तर. आगपेटीएवढी गाडी, मागची सीट अर्धी पाडलेली, तिच्यावर कापडाचे तागे. आणि शेजारच्या सीटवर यजमान.

यजमानांना सगळे घड्याळकाका म्हणतात. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली त्यांनी, एका डोळ्याला भिंग लावून. आता दोन्ही डोळे गेल्यात जमा आहेत; उजेड आणि अंधार तेवढा कळतो. त्यांना घरी एकटं ठेवायचं नाही म्हणून बाई जातील तिथे बरोबर नेतात. पडदे लावून होईपर्यंत काका गाडीत बसून राहतात, काच खाली करून येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे मारतात. मला म्हणायचे, "मिस्त्री, तुमच्या पान्याचा आवाज ऐकला. नट चुकीच्या बाजूला पिळताय." आणि मेलं खरंच असायचं तसं.

तर या गाडीचं पुढचं उजवं टायर. दर आठ-नऊ महिन्यांनी बाहेरच्या कडेला गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखं. बाकीची तीन बरी. मी चाकांची अलाइनमेंट केली, पुन्हा केली. बुश बदलले, सांधे बदलले. टायरांच्या जागा आलटून-पालटून पाहिल्या. जे उजवीकडे पुढे जाईल ते झिजायचं. शेवटी अभिमान गिळून गाडी कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे नेली. त्यानं तारा लावल्या, पडद्यावर हिरवे आकडे आणले आणि म्हणाला, "सगळं परफेक्ट आहे की. कुणी केलं काम?" मी म्हटलं, मी. तर हसला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्यावर बाई काय म्हणाव्यात? "मिस्त्री, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही." आता बोला. वाईट मला वाटायचं की तुम्हाला?

मग एका सकाळी बाई एकट्याच आल्या. काकांना सर्दी झाली होती, शेजारीण बसली होती त्यांच्याजवळ. बाईंच्या हातात एक कागद होता. सत्तरी ओलांडली की लायसन्स नुसतं नवं करून मिळत नाही, परत चालवून दाखवावं लागतं. तीन आठवड्यांनी परीक्षा.

"लायसन्स गेलं तर गाडी गेली," बाई म्हणाल्या. "गाडी गेली तर हे तागे मी काय डोक्यावर नेऊ? आणि ह्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात कोण नेणार? जिन्यावरून खाली येतानाच दोनदा धडपडतात. मुलगी फोनवर म्हणते, बंद करा आता सगळं, माझ्याकडे येऊन राहा. म्हणजे तिच्या हॉलमध्ये दोघं खुर्च्यांवर बसून राहू, तिनं टीव्ही लावला की बघायचा, बंद केला की झोपायचं. मला नाही जायचं, मिस्त्री. गाडीत जे काही असेल ते काढा, पण ऐन वेळी तिनं दगा देता कामा नये."

बाईंना इतकं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, "चला, तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. एकदा तुमचं टायर चालतं कसं ते बघू दे."

त्यांना दाताच्या डॉक्टरकडे पडदे पोचवायचे होते. दवाखाना माझ्या गॅरेजपासून चौकात जायचं आणि उजवीकडे वळायचं, बस्स. चालत गेलो असतो तर माझी विडी संपायच्या आत पोचलो असतो. बाई चौकात आल्या आणि सरळ गेल्या.

"बाई, दवाखाना उजवीकडे राहिला."

"माहीत आहे मला."

पुढे जाऊन डावीकडे वळल्या. गोदामांची लांबच लांब भिंत, मग परत डावीकडे. भाजीबाजार, हातगाड्या, एक ट्रक उलटा येतोय, त्याला वाट. परत डावीकडे. पंचवीस मिनिटांनी उजव्या हाताला मला माझंच गॅरेज दिसलं, मीच लावलेल्या कुलपासकट. चौक सरळ ओलांडला आणि दवाखान्यासमोर उभ्या राहिल्या, म्हणजे राहिलो आम्ही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी स्वतः बसून घातला.

पडदे देऊन आल्यावर बाई परत डावीकडेच निघाल्या. आणि माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. डावीकडे वळताना सगळा भार उजव्या चाकावर येतो, त्याच्या बाहेरच्या कडेवर.

"बाई," मी म्हटलं, "तुम्ही उजवीकडे कधी वळता?"

बाईंनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि गळ्यातली टेप बोटाला गुंडाळायला लागल्या. "मला उजवीकडे वळता येत नाही," त्या म्हणाल्या. "शिकायचं राहून गेलं."

चोवीस वर्षांपूर्वी गाडी घेतली तेव्हा काकांनीच त्यांना शिकवलं, बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात. पहिल्या दिवशी क्लच, दुसऱ्या दिवशी सरळ जाणं, तिसऱ्या दिवशी डावं वळण. चौथ्या दिवशी उजवं वळण, तेही रस्त्यावर. उजवीकडे वळायचं म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांच्या मधून जायचं. बाई बिचकल्या, मध्येच गाडी बंद पडली. आणि काका म्हणाले, "तुझं काम नाही हे. तुझ्या हातात कात्रीच बरी."

बाई गाडी तशीच भर रस्त्यात सोडून उतरल्या आणि चालत घरी आल्या. दुसऱ्या दिवसापासून एकट्याच गाडी काढायला लागल्या. तीन दिवसांचं शिक्षण झालं होतं, तेवढ्यावर भागवलं. लायसन्स? त्या काळी साहेब खिडकीतून बघायचे, गाडी मागे-पुढे केली की झालं.

"आणि काकांना कळलं नाही? इतकी वर्षं शेजारी बसतात."

"त्यांना कळलं असतं तर बोलल्याशिवाय राहिले असते का? जगातला एक टोमणा त्यांनी वाया घालवलेला नाही. मी सांगते, तिकडे रस्ता खोदलाय म्हणून इकडून आले."

"चोवीस वर्षं?"

"चोवीस वर्षांत एकदाही कुणाला खोटं वाटलेलं नाही."

हे मात्र मला मान्य करावं लागलं. पण सुंभ जळेल तरी पीळ जळणार नाही, असा हा प्रकार. एका वाक्यासाठी चोवीस वर्षं भाजीबाजारातून फिरायचं, वर नवरा घड्याळजी, म्हणून की काय, सगळा संसार घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं चालवायचा. मी म्हटलं, "बाई, परीक्षेत साहेब उजवीकडे घ्या म्हणाला तर तुम्ही काय सांगणार, रस्ता खोदलाय?"

"म्हणून तर तुमच्याकडे आले. तुम्ही शिकवा. आणि ह्यांना एक शब्द कळता कामा नये. लायसन्स गेलेलं परवडलं, पण ते बरोबर होते असं मी त्यांना म्हणू देणार नाही."

आता मी मिस्त्री माणूस. गाडीला शिकवता येत नाही, दुरुस्त करता येतं. बाईंचं दोन्ही करणं भाग होतं. रोज दुपारी लाकडाच्या वखारीमागच्या पटांगणात जायचं. मी ऑइलचे रिकामे डबे मांडून चौक तयार केला. बाई डब्यांपर्यंत यायच्या, इंडिकेटर द्यायच्या आणि हात थिजायचे. कधी डोळे मिटून घ्यायच्या. चार डबे चेपले, पाचव्याला माझा पाय वाचला. मी ओरडलो. त्या म्हणाल्या, "ओरडू नका, अशानंच हे राहून गेलंय." मी कानाला खडा लावला.

पाच-सहा दिवस असेच गेले. मग मला सुचलं, कसं ते विचारू नका. मी विचारलं, "बाई, सोफ्याला हात किती असतात?"

"दोन."

"उजव्या हाताचं कव्हर तुम्ही शिवता की डावंच शिवून गिऱ्हाइकाला देता?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की टाचणी टोचली म्हणा ना. उतरल्या, पर्समधून शिवणाचा खडू काढला आणि पटांगणातल्या फरशीवर स्वतःच गोलाई आखली, मापाची टेप लावून. "अशी घ्यायची?" अशीच, म्हटलं. परत बसल्या, कापड मशीनखाली फिरवतात तसं दोन्ही हातांनी स्टिअरिंग हळूहळू फिरवलं, आणि गाडी खडूच्या रेघेवरून उजवीकडे गेली. थांबल्या. मग परत गेल्या. त्या दुपारी बाई सव्वीस वेळा उजवीकडे वळल्या. मी मोजत होतो, दुसरं काही कामच नव्हतं मला. शेवटी मलाच मळमळायला लागलं.

पण पटांगणात समोरून कोण येणार? खऱ्या चौकात नेलं तर पहिले चार दिवस त्या इंडिकेटर उजवीकडचा द्यायच्या आणि सरळ जायच्या. मागचा माणूस आईवरून, बहिणीवरून. पाचव्या दिवशी वळल्या, पण मध्ये गाडी बंद पडली. सहाव्या दिवशी नीट. सातव्या दिवशी परत सरळ. परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत हिशेब असा, की निम्म्या वेळा वळतात आणि निम्म्या वेळा नाही. कुठली निम्मी उद्या निघेल ते त्यांना माहीत नव्हतं, मला तर नव्हतंच.

परीक्षेला काका हट्टानं आले. नेहमीच्या सीटवर बसले, मी मागे ताग्यांच्या शेजारी, गाडीनं दगा दिला तर असावं कुणी म्हणून. बाई डावीकडून डावीकडून गेल्या, अर्धा तास आधी निघाल्या होत्या.

परीक्षेच्या कचेरीबाहेर एक बाक होतं. साहेब आला, बारीक मिशी, हातात फळी आणि कागद. बाईंच्या शेजारी बसला. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि मी काकांना बाकावर बसवलं.

"मिस्त्री," काका म्हणाले, "वळेल का हो ती?"

मी खिशातली विडी काढली, परत ठेवली.

"असे गप्प बसू नका. तीन आठवडे रोज दुपारी कुठे जाते विचारलं तर म्हणते मापं घ्यायला. येते ती अंगाला ऑइलचा वास घेऊन. ऑइलच्या डब्यांची मापं घेते का ती?"

"त्या उजवीकडे वळत नाहीत हे तुम्हाला कधी कळलं, काका?"

"पहिल्याच महिन्यात. अहो, मी घड्याळजी. उलटं फिरणारं काही असलं की मला झोप लागत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला. ज्या माणसाला दिसत नाही तो चष्मा कशाला पुसतो, मला कळलं नाही. "बोलणार होतो," ते म्हणाले. "रोज बोलणार होतो." आणि मग मला म्हणाले, पाणी कुठे मिळतं का बघा.

गाडी वीस मिनिटांनी परत आली. साहेब उतरला, कागदावर शिक्का मारला आणि म्हणाला, "बाई, उजवं वळण इतकं हळू कुणी घेत नाही. पण चुकलं काही नाही." बाईंनी कागद घेतला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला. चेहरा होता तसाच. पण टेप गळ्यात उलटी पडली होती, आकडे आत, हे मी पाहिलं. इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला रडूच यायला लागलं होतं, मी बोनेट उघडून उगाच आत बघत राहिलो.

परत निघालो. काका पुढे, मी मागे. पहिलाच चौक आला. बाईंनी उजवा इंडिकेटर दिला. समोरून एक बस, तिच्यामागे रिकामा टेंपो. दोन्ही जाऊ दिले, आणि खडूच्या रेघेवरून न्यावी तशी गाडी उजवीकडे घेतली. काका दाराकडे कलले, खांदा काचेवर आदळला.

बाई कुठेही न बघता म्हणाल्या, "कळलं का काही?"

"कळलं," काका म्हणाले. "छान वळलीस." मग काचेवर आदळलेला खांदा चोळला. "त्या दिवशी मी बोललो ते चुकलं माझं. कात्रीचं. त्याच दिवशी म्हणायला हवं होतं."

चोवीस वर्षं ज्या वाक्यासाठी भाजीबाजारातून फिरल्या ते वाक्य मिळालं, आणि बाईंना काय करावं सुचेना. शेवटी गाडीवरच राग काढावा तसा गिअर खडाखडा बदलला आणि म्हणाल्या, "तुम्हाला माहीत होतं म्हणजे. मग इतकी वर्षं का नाही बोललात? मला वेड्यासारखी फिरवलीत."

"बोललो असतो तर तू हट्टानं उजवीकडे शिकली असतीस."

"मग? बरंच झालं असतं की."

"तुझं झालं असतं," काका म्हणाले. "अगं, गाडी उजवीकडे वळली की मी दारावर जातो. डावीकडे वळली की तुझ्या अंगावर येतो. घरी मी असा तुझ्याजवळ आलो की तुझ्या हातात टाचण्या असतात. इथे तुला काही करता येत नाही."

मी मागे ताग्यांच्या आड जितका होता येईल तितका लहान झालो.

पुढचा चौक आला. माझं गॅरेज तिथून उजवीकडे, अगदी दिसत होतं. उजवा इंडिकेटर टिकटिक करत होता. बाईंनी तो बंद केला आणि चौकातून सरळ गेल्या.

"इकडे का?" काकांनी विचारलं.

"रस्ता खोदलाय," बाई म्हणाल्या, आणि पहिल्या वळणाला डावीकडे वळल्या, जरा जोरातच.

गॅरेजवर दोन गिऱ्हाइकं सकाळपासून माझी वाट बघत होती. मला पोचायला आणखी पस्तीस मिनिटं लागली.